वानझेचे इतिवृत्त

नस्तीबद्ध :

गेल्या ऑक्टोबरात मुलीकडे बर्लिनला दीड महिना होतो. ज्यूंच्या छळाची आठवण जपणारी स्थळे त्या शहरात पावलोपावली आहेत आणि त्यांतील बहुतेक मुलीने व जावयाने आम्हा दोघांना आवर्जून दाखवली. 1942 साली ज्यूंच्या संहाराविषयी नाझी अधिकाऱ्यांची बैठक जेथे झाली, त्या वानझेच्या बंगल्यात मात्र मी एकटाच गेलो. "तिथे पाहण्यासारखे फारसे नाही, सगळे वाचण्याचेच आहे," असे जावयाने आधी सांगून ठेवले होते, आणि 31 वर्षे शासकीय कार्यालयात कागद वाचण्यातच गेलेल्या माझ्यासारख्याला जायला तेवढे कारण पुरले.

वानझे हे बर्लिनच्या नैर्ऋत्येकडील तलावाचे आणि त्याच्या काठच्या वस्तीचे नाव. लोकल गाडीने वानझे स्थानकावर उतरले की 114 क्रमांकाची बस थेट बंगल्याच्या फाटकाशी नेऊन सोडते. प्रवेश विनामूल्य आहे. एर्न्स्ट मार्लियर नावाच्या औषधांच्या कारखानदाराने 1914-15 साली हा बंगला बांधून घेतला. पुढे तो ज्या उद्योगपतीकडे गेला, तो आर्थिक गैरव्यवहारात तुरुंगात गेला, आणि 1940 साली एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या एका प्रतिष्ठानाने तो विकत घेऊन सुरक्षा पोलिसांच्या अधिकाऱ्यांसाठी अतिथिगृह केले. आपल्याकडचे सर्किट हाऊस डोळ्यांसमोर आणावे: बाहेर बाग, मागे पाणी, आत उंच छताची दालने, आणि दौऱ्यावर आलेल्या साहेबांची राहण्याची सोय.

20 जानेवारी 1942 रोजी या अतिथिगृहात 15 जणांची बैठक झाली. अध्यक्षस्थानी राइश सुरक्षा मुख्य कार्यालयाचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख होता. उपस्थितांत गृह, न्याय आणि परराष्ट्र या खात्यांचे, पूर्वेकडील व्यापलेल्या प्रदेशांच्या मंत्रालयाचे, पोलंडमधील 'जनरल गव्हर्नमेंट'चे, म्हणजे तेथील जर्मन प्रशासनाचे, चतुर्वार्षिक योजनेच्या कार्यालयाचे व पक्षकार्यालयाचे प्रतिनिधी होते. बहुतेकांचा दर्जा आपल्याकडील सचिवाच्या किंवा अपर सचिवाच्या आसपासचा धरता येईल. निम्म्याहून अधिक जणांकडे विद्यापीठाची डॉक्टरेट होती. बैठक सुमारे दीड तास चालली. विषय होता युरोपातील ज्यू प्रश्नाचे 'अंतिम उत्तर'. निमंत्रणपत्रात दुपारी बाराची वेळ दिली होती आणि बैठकीनंतर न्याहारीची व्यवस्था असल्याचे नमूद केले होते. 'बैठकीनंतर अल्पोपाहार' ही ओळ मी स्वतः किती पत्रांत टंकायला सांगितली असेल, याचा हिशेब मला देता येणार नाही.

ज्या भोजनकक्षात ही बैठक झाली असे मानले जाते, तो आता प्रदर्शनाचा भाग आहे. खिडक्यांतून तलाव दिसतो. मी गेलो त्या दिवशी पाण्यावर दोन शिडाच्या होड्या होत्या. येथे इतिवृत्ताची प्रतिकृती मांडलेली आहे, आणि माझी सगळी दुपार तिच्यासमोर, मुलीने दिलेले इंग्रजी भाषांतर हातात धरून, गेली.

हे इतिवृत्त 15 पानांचे आहे. ते हायड्रिखच्या कार्यालयात ज्यूंविषयीचे काम पाहणाऱ्या आडोल्फ आइशमानने तयार केले, त्याच्या 30 प्रती काढण्यात आल्या आणि त्यांवर सर्वोच्च गोपनीयतेचा शिक्का मारला गेला. त्यांतील एकच प्रत हाती लागली, ती 16 व्या क्रमांकाची. 1947 साली न्यूरेंबर्गच्या पुढील खटल्यांची तयारी चालू असताना जर्मन परराष्ट्र खात्याच्या नस्त्यांत ती सापडली. बाकीच्या 29 प्रती संबंधितांनी नष्ट केल्या असाव्यात. आमच्याकडे गोपनीय पत्राच्या प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालण्याची जी पद्धत होती, तिचा उपयोग असा झालेला मी प्रथमच पाहिला.

मजकुराची सुरुवात उपस्थितांच्या यादीने होते. त्यानंतर हायड्रिखने आपल्याला ही जबाबदारी कोणी व कोणत्या आदेशाने दिली ते सांगितले आहे. मग आतापर्यंतच्या कार्यवाहीचा आढावा आणि देशत्यागाच्या धोरणात आलेल्या अडचणी येतात. पुढे 'देशत्यागाऐवजी आता पूर्वेकडे स्थलांतर' हा पर्याय वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीने स्वीकारल्याची नोंद आहे. कामास योग्य असलेल्यांना स्त्री-पुरुष वेगळे करून रस्तेबांधणीच्या कामावर न्यावे, त्यात मोठा भाग 'नैसर्गिक घटीने' कमी होईल, आणि जे अखेरपर्यंत टिकतील ते सर्वांत चिवट असल्यामुळे त्यांना 'त्यानुसार हाताळावे लागेल', असे त्यात म्हटले आहे. ठार मारणे या अर्थाचा सरळ शब्द 15 पानांत एकदाही आलेला नाही. 1961 साली जेरुसलेमच्या न्यायालयात आइशमानने सांगितले की बैठकीत मारण्याविषयी, नायनाट करण्याविषयी उघड शब्दांत बोलणे झाले होते. इतिवृत्त मात्र हायड्रिखने तपासून व दुरुस्त करून मगच अंतिम केले.

सहाव्या पानावर एक विवरणपत्र आहे, आणि मी सर्वाधिक वेळ त्याच पानापाशी काढला. युरोपातील प्रत्येक देशाचे नाव आणि त्यापुढे तेथील ज्यूंची संख्या. 'अ' भागात जर्मनीच्या ताब्यातील प्रदेश, 'ब' भागात मित्रराष्ट्रे, तटस्थ राष्ट्रे आणि ज्यांच्याशी युद्ध चालू होते ती राष्ट्रे. इंग्लंड 3,30,000. स्वित्झर्लंड 18,000. आयर्लंड 4,000. अल्बानिया 200. जे देश जिंकलेले नव्हते, त्यांच्या माणसांचीही मोजदाद करून ठेवली होती. सोव्हिएत संघापुढे 50,00,000 असा गोळाबेरीज आकडा आहे, पण त्याच्या खाली युक्रेनचा आकडा 29,94,684 आहे. हे पाहून मी थबकलो. खालच्या कार्यालयाकडून आलेला आकडा जसाच्या तसा उतरवायचा आणि जेथून काही आले नाही तेथे अंदाज भरायचा, ही युक्ती कोणत्याही विवरणपत्रात डोळे मिटून ओळखता येते. शेवटी बेरीज: एक कोटी दहा लाखांहून अधिक.

या तक्त्यात एस्टोनियापुढे आकडा नाही. तेथे 'ज्यूमुक्त' असा शब्द आहे. तेथे मागे राहिलेल्या सुमारे 1,000 ज्यूंपैकी जवळजवळ सर्वांना तोवर गोळ्या घातल्या गेल्या होत्या. हागणदारीमुक्त, तंटामुक्त अशी गावोगावची प्रमाणपत्रे मी माझ्या सहीने पुढे पाठवली आहेत. तुलना अस्थानी आहे हे मला कळते, तरीही तो शब्द वाचताना मला आठवली ती ती प्रमाणपत्रे, आणि ते येथे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या पानांचा मोठा भाग कशाला दिला आहे, तर अर्ध-ज्यू आणि पाव-ज्यू कोणाला म्हणावे, मिश्र विवाह झालेल्यांचे काय करावे, अपवाद कोणी मंजूर करावा, याला. गृहखात्याच्या सचिवाने, म्हणजे डॉ. विल्हेल्म श्टुकार्टने, या सगळ्यातून 'अंतहीन प्रशासकीय काम' उद्भवेल अशी हरकत घेऊन सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पर्याय सुचवला. चतुर्वार्षिक योजनेच्या प्रतिनिधीने युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील ज्यू कामगार बदली माणसे मिळेपर्यंत हलवू नयेत असे म्हटले. 'जनरल गव्हर्नमेंट'च्या प्रतिनिधीने, डॉ. योझेफ ब्यूलरने, सुरुवात आपल्या प्रदेशापासून करावी अशी विनंती केली. मूळ योजनेवर कोणीही आक्षेप नोंदवलेला नाही. शेवटी, अंमलबजावणीत सर्वांनी सहकार्य करावे अशी अध्यक्षांची विनंती आणि बैठक समाप्त.

हे लिहिण्याचे कारण असे की बर्लिनमधील इतर स्मारकांत मला दुःख झाले, भीती वाटली, दोनदा डोळ्यांत पाणी आले. येथे तसे काही झाले नाही. येथे मला सगळे कळत होते. एका खात्याचे दुसऱ्या खात्याच्या अधिकारक्षेत्रावरचे डोळे, वरिष्ठांसमोर आपल्या जिल्ह्याचे काम आधी घ्या म्हणणारा अधिकारी, अप्रिय शब्द टाळण्याची सफाई, सगळे ओळखीचे होते. आपल्यापैकी कोणी तेथे गेले असल्यास त्यांना काय वाटले, हे वाचायला आवडेल.

अश्विनी_मो :

लेख दोनदा वाचला. आम्ही मे महिन्यात बर्लिनला जाणार आहोत आणि मुलगा बारा वर्षांचा आहे. शाळेत त्याने हिटलरविषयी थोडे वाचले आहे. त्याला तेथे न्यावे की नाही, याविषयी आपण किंवा तेथे राहणारे कोणी सांगाल का?

श्प्रेकाठची :

अश्विनीताई, मी नऊ वर्षे बर्लिनमध्ये राहते. सध्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन 2020 साली नव्याने मांडलेले आहे आणि त्यातील मजकूर सोप्या भाषेत, थोडक्यात दिलेला आहे. मात्र पाहण्याच्या वस्तू कमी असल्यामुळे बारा वर्षांचा मुलगा तासाभरात कंटाळेल अशी शक्यता आहे. त्याला आधी त्या तक्त्याविषयी सांगून ठेवा, म्हणजे तो स्वतः त्यात देश शोधत बसेल. माझ्या भाच्याने तेच केले होते.

काका, आपण बंगल्याच्या युद्धानंतरच्या इतिहासाविषयी लिहिलेले नाही, म्हणून भर घालते, कारण मला तो भाग बैठकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. 1952 पासून 1988 पर्यंत या बंगल्यात बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील शाळांच्या मुलांसाठी सुट्टीचे शिबिरघर होते. ज्या दालनांत ती 15 माणसे बसली, तेथे मुले जेवत आणि खेळत. योझेफ वुल्फ नावाचा ज्यू इतिहासकार, जो आउश्विट्झच्या संहारछावणीतून वाचला होता, त्याने 1960 च्या दशकाच्या मध्यापासून या बंगल्यात नाझी राजवटीच्या कागदपत्रांचे संशोधन केंद्र उभारावे म्हणून आपली सारी शक्ती लावली. शहराने बंगला दिला नाही. शिबिरघर हलवण्याची कोणाची तयारी नव्हती. ऑक्टोबर 1974 मध्ये वुल्फने आपल्या घराच्या खिडकीतून उडी मारून जीव दिला. त्याआधी काही आठवडे त्याने मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की आपण तिसऱ्या राइशवर, म्हणजे नाझी राजवटीवर, 18 पुस्तके प्रसिद्ध केली आणि त्यांचा काही परिणाम झाला नाही. खुनी मोकळे फिरतात, त्यांची छोटी घरे आहेत आणि ते फुलझाडे लावतात. स्मारक उघडले ते 20 जानेवारी 1992 रोजी, बैठकीला 50 वर्षे झाली त्या दिवशी. तेथील ग्रंथालयाला आज त्याचे नाव आहे.

फुलझाडांचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. बैठकीला उपस्थित असलेला पक्षकार्यालयाचा गेर्हार्ड क्लॉप्फर युद्धानंतर उल्म शहरात वकिली करत राहिला आणि 1987 साली वारला.

परखड :

लेखन उत्तम आहे, परंतु मला या स्थळाविषयी एक मूलभूत शंका आहे. मारेकऱ्यांच्या बैठकीची जागा, तिच्या खिडक्यांतून दिसणारा तलाव आणि भिंतीवर त्या 15 जणांची छायाचित्रे, याला स्मारक कसे म्हणायचे? जे मेले त्यांची नावे कोठे आहेत? लेखकानेही नऊ परिच्छेद अधिकाऱ्यांवर खर्च केले आहेत आणि बळी पडलेल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. शिवाय 'साठ लाख ज्यूंना मारण्याचा निर्णय येथे झाला' अशी जी समजूत आहे, ती चुकीची आहे असे मी वाचले आहे.

लघुलेखिका :

मी विधिमंडळात नव्हे, पण एका महामंडळात लघुलेखिका होते, त्यामुळे आइशमानच्या इतिवृत्ताविषयी अगदी व्यवसायातले सांगते. बोललेले आणि टंकलेले यांत अंतर असतेच. साहेब बैठकीत शिव्या देतात आणि आपण 'अध्यक्षांनी नाराजी व्यक्त केली' असे लिहितो. वर्षानुवर्षे हे केल्यावर ऐकतानाच कानात सौम्य शब्द उमटू लागतात. म्हणून 'पूर्वेकडे स्थलांतर' हा शब्द आइशमानने नंतर शोधून घातला असेल असे मला वाटत नाही. तो त्या खात्यात आधीपासून रुळलेला असणार. रेल्वेच्या कागदांतही तेच होते असे ऐकून आहे. कोणाला ठाऊक आहे का?

नस्तीबद्ध :

परखडसाहेब, दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर सरळ आहे. आपण वाचले ते बरोबर आहे, आणि प्रदर्शनातही ते ठळकपणे मांडलेले आहे. 20 जानेवारी 1942 पर्यंत हत्याकांड कधीचेच सुरू झालेले होते. कीव्हजवळच्या बाबी यार येथे 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्याची नोंद मारेकरी पथकाच्याच अहवालात आहे. पोलंडमधील खेल्मनो येथे 8 डिसेंबर 1941 पासून बंद गाड्यांत विषारी धूर सोडून माणसे मारली जात होती. रीगाजवळच्या रुम्बुला जंगलात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी सुमारे 25,000 जणांना मारले गेले, आणि तेथील सुरक्षा पोलिसांचा रुडोल्फ लांगे हा अधिकारी थेट रीगाहून या बैठकीला आला होता. बैठक मुळात 9 डिसेंबरला ठरली होती. ती पुढे ढकलली गेली. तेव्हा येथे निर्णय झाला नाही. झालेल्या निर्णयात सर्व खात्यांना सहभागी करून घेतले गेले आणि या कामाचे प्रमुख कार्यालय कोणते, यावर शिक्कामोर्तब झाले. 'मारावे की नाही' हा प्रश्न विषयपत्रिकेवरच नव्हता.

पहिल्या शंकेवर मी दोन दिवस विचार केला. आपला आरोप माझ्या लेखापुरता मला मान्य आहे. स्मारकाच्या बाबतीत मात्र तो पूर्ण खरा नाही, कारण प्रदर्शनात छळ सोसलेल्या कुटुंबांच्या कहाण्या आणि त्यांनी लिहिलेली पत्रे आहेत. मी त्यांच्यापुढून लवकर पुढे गेलो आणि इतिवृत्तापाशी थांबलो, हा माझ्या नजरेचा दोष समजावा.

लघुलेखिकाताई, रेल्वेविषयी मुलीने दाखवलेल्या एका पुस्तकातून कळले ते असे. जर्मन राष्ट्रीय रेल्वे या गाड्यांचे भाडे आकारत असे, तिसऱ्या वर्गाच्या दराने, दर किलोमीटरला 4 फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना निम्मे भाडे, चार वर्षांखालील मुले विनामूल्य, आणि मोठ्या गटांना सवलत. कागदावर ही साधी विशेष प्रवासी गाडी असे.

नगरी_माणूस :

थोडेसे विषयाच्या कडेने जाणारे, पण आपल्या मातीशी जोडलेले म्हणून लिहितो. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले आणि आमच्या अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवले. पुढे देवळाली आणि डेहराडून येथे छावण्या झाल्या आणि काही कुटुंबांना पुरंदर व सातारा येथे ठेवले गेले. या लोकांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून मुंबईला आलेले ज्यूही होते, आणि काही काळ त्यांना कट्टर नाझींच्या शेजारच्या खाटांवर झोपावे लागले. या ज्यूंच्या पासपोर्टवर जर्मनीने 1938 पासून ज्यू असल्याची खूण म्हणून 'जे' हे अक्षर मारलेले होते. ब्रिटिशांच्या समितीने चौकशी करून पुष्कळांना सोडले खरे, पण नोव्हेंबर 1941 मध्ये जर्मनीने परदेशी राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले, त्यामुळे इंग्रजांच्या दप्तरी जर्मन आणि जर्मनांच्या दप्तरी कोणीच नाही, अशी त्यांची अवस्था झाली. मुंबईत 1934 सालीच स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अशा निर्वासितांसाठी जामीन देणे, नोकरी शोधणे अशी कामे करत होती. आकाशवाणीची जी संकेतधून आपण सकाळी ऐकत मोठे झालो, तिचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन हे 1934 साली मुंबईला आलेले असेच एक ज्यू संगीतकार.

आजोबांच्या तोंडून छावणीतल्या 'गोऱ्या कैद्यांच्या' गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांत दोन प्रकारचे गोरे होते, हे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.

परखड :

नगरी, ही माहिती मला नवीन आहे. आभारी आहे. मात्र कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचाही येथे उल्लेख व्हायला हवा.

नगरी_माणूस :

वळिवड्याच्या छावणीत 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले हे खरे आहे, पण ते मुख्यतः सोव्हिएत संघाने पोलंडमधून हद्दपार केलेले लोक होते आणि बहुसंख्य कॅथलिक होते. ती कथा मोठी आहे, तिचा स्वतंत्र धागा असावा. येथे ती मिसळली तर दोन्हींवर अन्याय होईल.

नवगावकर_अश्दोद :

सर्वांना नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी आहे. माझा जन्म पनवेलचा. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो. मराठी लिहिण्याची सवय कमी झाली आहे, चुका सांभाळून घ्याव्यात.

या तक्त्याविषयी मला वेगळे काही सांगायचे आहे. आमच्याकडे दर वर्षी वसंतात शोआचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, स्मृतिदिन असतो. सकाळी दहा वाजता देशभर भोंगा वाजतो आणि सगळे दोन मिनिटे जागच्या जागी उभे राहतात, रस्त्यावरच्या मोटारीही थांबतात. शाळेत त्या दिवशी मुले आपापल्या घरातील मेलेल्यांची नावे वाचत असत. माझ्या शेजारच्या मुलीने एकदा 23 नावे वाचली. मला वाचायला एकही नाव नव्हते. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचे घाणे बंद असत. त्यापलीकडे ज्यू म्हणून आम्हाला कोणी त्रास दिल्याची आठवण आमच्या घरात नाही. गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तू भाग्यवान आहेस," आणि पुढच्या मुलाकडे वळले. मला मात्र पुष्कळ वर्षे असे वाटत राहिले की या दुःखात मी पाहुणा आहे.

पुढे माझे लग्न झाले ते ग्रीसमधील थेस्सलोनिकीच्या कुटुंबातील मुलीशी. त्या शहरातील चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना 1943 साली मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान आउश्विट्झला नेले गेले. माझ्या सासूबाईंच्या आईला सात भावंडे होती. उरली ती एकटी. आम्ही दोघे 2014 साली बर्लिनला गेलो तेव्हा हा बंगला पाहिला. तक्त्यात ग्रीस 69,600 आहे. माझ्या पत्नीने त्या आकड्यावर बोट ठेवले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटी दोन शून्ये आहेत. म्हणजे त्यांनी नीट मोजलेसुद्धा नाही."

त्या रात्री हॉटेलात तिने सात नावे मला कागदावर लिहून दिली. आता स्मृतिदिनी ती मी वाचतो.

लघुलेखिका :

नवगावकर, आपल्या मराठीत सांभाळून घेण्यासारखे काही नाही.

श्प्रेकाठची :

नवगावकरदादा, आपले लिखाण वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. आता जे बर्लिनला जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन जागा सुचवते, दोन्ही वाटेवरच्या आहेत.

एक, बसने बंगल्याकडे जाताना दोन-तीन थांबे आधी चित्रकार माक्स लीबरमानचे उन्हाळी घर लागते, आणि त्याची बाग आज पुन्हा पूर्वीसारखी लावलेली आहे. ते घर 1909 साली ज्या वास्तुविशारदाने बांधले, त्याच पाउल बाउमगार्टनने पुढे मार्लियरचा बंगला बांधला. लीबरमान ज्यू होता आणि 1935 साली वारला. त्याच्या पत्नीला, मार्थाला, 1940 साली ते घर सक्तीने विकावे लागले, आणि मार्च 1943 मध्ये हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा 85 वर्षांच्या त्या बाईने विष घेतले. परखड यांनी विचारलेल्या नावांपैकी एक नाव त्या बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

दुसरी जागा, वानझेहून एस-7 गाडीने शहराकडे परतताना ग्रुनेवाल्ड स्थानकावर उतरावे. तेथील 17 क्रमांकाचा फलाट हे स्मारक आहे. रुळांच्या दोन्ही कडांना 186 पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत, आणि प्रत्येकीवर एका गाडीची तारीख, नेलेल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कोठे गेली ते कोरलेले आहे. पहिली गाडी 18 ऑक्टोबर 1941 ची आहे, म्हणजे वानझेच्या बैठकीच्या तीन महिने आधीची.

अश्विनी_मो :

श्प्रेकाठची, नवगावकर आणि काका, मनापासून आभार. मुलाला घेऊन जाण्याचे ठरवले आहे. आधी फलाट, मग बंगला, असा क्रम ठेवू का?

नस्तीबद्ध :

अश्विनीताई, मी उलट क्रमाने गेलो, तोही योगायोगाने. बंगला पाहून आल्यानंतर आठवड्याने मुलीने मला ग्रुनेवाल्डला नेले. पट्ट्या वाचत फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायला पाऊण तास लागला. 1942 च्या पट्ट्यांवर एकेका गाडीत हजारापर्यंत माणसे आहेत. मग आकडे उतरू लागतात, 100, 50, 30, कारण बर्लिनमध्ये नेण्यासाठी ज्यू फारसे उरले नव्हते. गाड्या मात्र थांबत नाहीत. शेवटच्या पट्टीवर 27 मार्च 1945 ही तारीख आहे, जेव्हा रशियन फौजा शहरापासून फार दूर नव्हत्या आणि बहुतेक रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झालेले होते. त्या पट्टीवरचा आकडा 18 आहे.

तो आकडा मी वहीत उतरवून घेतला. नवगावकर यांनी लिहिलेले वाचल्यापासून माझ्या मनात आहे की त्या 18 जणांची नावे बर्लिनच्या कोणत्या तरी दप्तरात असणार, कारण गाडीची यादी टंकल्याशिवाय गाडी सुटत नसे. मुलीला विचारून ठेवले आहे. ती पुढच्या महिन्यात अभिलेखागारात चौकशी करणार आहे. काही कळले तर याच धाग्यावर लिहीन.